वर एक धरायचा

आप्पांच्या आखाड्यावर त्या दुपारी माणसं किती आली होती, यावर आप्पा आणि काकूंचं तीस वर्षांत एकमत झालं नव्हतं. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. त्यांचा पोखर्णीच्या रस्त्याला होता. आप्पा म्हणायचे चार माणसं आली, काकू म्हणायच्या पाच. बाकी सगळ्या बाबतीत हे जोडपं एकमेकांना सांभाळून घ्यायचं. भाजीत मीठ विसरलं तरी आप्पा ब्र काढत नसत. पण हा आकडा निघाला की दोघंही हट्टाला पेटायची. मी त्यांच्याकडे भाड्याने राहत होते, आणि खरं कोणाचं धरावं हे मला काही केल्या ठरवता यायचं नाही.

"चार व्हते," आप्पा म्हणायचे. "दाराआड हुबा राहून मोजलेत मी. लाभ, दोन, तीन, चार. हातात पोत्याचा हूक व्हता. त्याइनं हूक बगितला आन् आल्या पावली गेले."

"पाच व्हते," काकू भाकरी थापता थापता म्हणायच्या. "भाकरी कुनी थापल्या? मी. पाच थापल्या. पानी पेले, भाकर खाल्ली आन् गेले. हुकाला कोन भेतंय!"

लाभ म्हणजे एक. आप्पा जन्मभर परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते, आणि धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात, मग दोन, तीन. ही सवय त्यांच्या इतकी अंगात मुरली होती की जिन्याच्या पायऱ्या, ताटातल्या पुऱ्या, दारात आलेली माणसं, सगळी मोजणी लाभापासूनच सुरू व्हायची. "चोराचा कसला आलाय लाभ?" असं काकू विचारायच्या. पुढे मोंढ्यात काट्यावर आकडे आपोआप उमटायला लागले आणि आप्पांच्या खणखणीत आवाजाचं काम संपलं. शेत विकून शहराच्या कडेला घर बांधलं होतंच. रिकामा बसलेला माणूस भजन करतो, फार तर पत्ते खेळतो. आप्पांनी वर्ग काढला. घरात चोर घुसले, एकटादुकटा नव्हे, तिघं-चौघं मिळून घुसले तर काय करायचं, याचा वर्ग. बायकांसाठी, फुकट, दर शनिवारी दुपारी दोन वाजता, स्वतःच्या घरात.

दोनच का, असं मी एकदा विचारलं होतं.

"चोर रातीला येतंय हे तुला कुनी सांगितलं?" आप्पा म्हणाले. "रातीला कुत्रं बी जागं आसतंय. दुपारी दोनला यावं. गडीमाणसं कामाला, बाया जेवून आडव्या. मी चोर आसतो तर दोनलाच आलो आसतो."

हे बोलताना त्यांचा चेहरा इतका गंभीर असायचा, की हा माणूस चोरांच्या बाजूने बोलतोय की आपल्या, असा मला प्रश्न पडायचा.

मी तिथे आले ती नोकरीमुळे. पेडगावकडच्या एका शाळेत मला मास्तरकी मिळाली, आणि आमच्या गावाहून, चारठाण्याहून, रोज जाणं-येणं होण्यासारखं नव्हतं. त्या उन्हाळ्यात शहराच्या कडेच्या वस्त्यांत भरदिवसा दोन-तीन घरं फुटली होती. बाबा आधीच नाखूश होते, त्यात ही बातमी. ते माझ्याबरोबर खोली बघायला आले ते मुळी नाही म्हणायला. आप्पांनी आमचं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही, पगार तर नाहीच. खाटेवर बसवलं आणि मला म्हणाले, "तुमच्या घराला दारं किती? कुण्या अंगाला उघडतेत?"

मी म्हणाले, मागचं दार बाहेर उघडतं. बाबा म्हणाले, आत. आमची तिथेच जुंपली. आप्पा आनंदाने ऐकत होते. "बगा," ते बाबांना म्हणाले, "लेकरू वीस-बावीस वर्षं त्या घरात वाढलं, दार कुणीकडं उघडतंय ठावं न्हाई. तुमाला बी न्हाई." पुढे मी गावी गेले तेव्हा मुद्दाम पाहिलं. आमचं मागचं दार कुठेच उघडत नव्हतं. पावसाने फुगून ते कधीच गच्च बसलं होतं, आणि सगळे पुढच्याच दाराने ये-जा करत होते.

बाबांवर त्या प्रश्नाचा काय परिणाम झाला कोण जाणे. परत जाताना ते मला फाटकाशी घेऊन म्हणाले, "हा मानूस हाय म्हनून ठिवायलोय तुला. पर काय बी झालं, एकदा जरी कुनी दारात आलं आन् तुला सांभाळता आलं न्हाई, तर दुसऱ्या दिशी बोचकं बांधायचं आन् गावाकडं यायचं. नोकरी बिकरी काय न्हाई." मी हो म्हणाले. ती खोली दहा बाय दहाची होती, पंखा खडखड करायचा, पण किल्ली माझ्या पर्समध्ये असायची. तोवरच्या आयुष्यात माझ्याकडे कुठलीच किल्ली नव्हती. ती मला काहीही झालं तरी सोडायची नव्हती.

म्हणून मी आप्पांच्या वर्गात जाऊन बसले. शनिवारची शाळा सकाळची असायची, त्यामुळे दोनला मी मोकळी.

आप्पा उंच आणि वाळकुडे होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगायतांचं लिंग. वर्ग सुरू करताना ते लिंग बंडीच्या आत सरकवायचे, म्हणजे वाकताना हेलकावे खायला नको, आणि मग शिकवणीला सुरुवात. त्यांनी कधी कोणाला चापट मारल्याचंही काकूंना आठवत नव्हतं. जे काही शिकवायचे ते सगळं मोंढ्यातून आलेलं.

"चार मानसं म्हंजे चार पोती," ते सांगायचे. "आडवी आली तर अंगावर पडून मरशान. एकामागं एक थप्पी लावली, तर एका येळंला एकच पोतं. मंग थप्पी कुठं लागती? दारात. दारातनं एकच मानूस येतंय. म्हनून अंगनात कुनाशी भांडायचं न्हाई. आत या, दार मधी घ्या."

लाठीला त्यांचा विरोध होता. घरात लाठी फिरवली की पंख्यात अडकते, हे त्यांनी प्रात्यक्षिकासह दाखवलं होतं. पंख्याचं एक पातं तेव्हापासून वाकडंच होतं. त्याऐवजी पाट ढालीसारखा धरायचा. परात फरशीवर आपटायची, म्हणजे चार घरांना ऐकू जातं. आणि प्रत्येकीच्या हातात खलबत्त्यातला बत्ता. मारायचं मात्र नाही. मारायला थांबलात की घेरले गेलात. निसटायचं आणि बाहेरून कडी लावायची. समोरच्या घरात शिवणकाम करणारी खाला होती, तिला हे अजिबात पटायचं नाही.

"मारनाच नै, तो ये बत्ता कायकू पकडाये मेरेकू?" ती विचारायची.

"हाताला वजन आसावं म्हनून. वजन आसलं की हात थरथरत न्हाई."

मिरचीच्या पुडीचा धडा एकदाच झाला. आप्पांनी समजावलं की पूड चोराच्या डोळ्यांवर, खालून वर फेकायची. फेकली. पंखा चालू होता. त्या दिवशी वर्ग तिथेच सुटला, आणि खाला दोन दिवस शिवणयंत्राला बसू शकली नाही. "पयला चोर तो तुमीच निकले, आप्पा," असं ती डोळे पुसत म्हणाली. त्यानंतर आप्पांच्या शिकवणीत एक वाक्य वाढलं: आधी पंखा बंद करायचा. चोर समोर उभा असताना पंख्याचं बटण कोण शोधणार, हे विचारायचं धाडस कोणी केलं नाही.

पायताणांचंही तसंच. घरात पुरुष फार आहेत असं वाटावं म्हणून आप्पा दाराबाहेर चार जोडी मोठ्या चपला मांडून ठेवायचे. चोर फसले की नाही ठाऊक नाही, पण काकूंच्या माहेरची माणसं दोनदा फाटकातूनच परत गेली. घरात पाहुणे बसलेत, कशाला गर्दी, असं त्यांना वाटलं. काकू महिनाभर धुसफुसत होत्या.

पण या सगळ्याहून त्यांचा आवडता नियम वेगळाच होता. "मोजून झालं की वर एक धरायचा," ते सांगायचे. "माप पुरं झालं की वर एक मूठ टाकतेत का न्हाई? तसा वर एक मानूस. दिसतेत चार, तर पाच धरा. पाचवा कुठं आसतोय? मागं आसतोय. समद्याचं ध्यान पुढं, आन् त्यो मागं."

हे वाक्य आलं की स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज यायचाच. "मंग तवा कामून न्हाई धरला?"

आप्पा उगीच उठून दाराची कडी वर-खाली करून बघायचे. मला वाटायचं ही नवरा-बायकोची नेहमीची थट्टा आहे, आणि मी हसायचे. आता आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

मला त्यांच्यावर विश्वास ठेवायचा होता. माझं राहणंच त्यावर अवलंबून होतं. पण तो धड बसत नव्हता. एकदा मोकाट वळू फाटकातून आत शिरला. आप्पा तीन ढांगांत गच्चीवर. काकूंनी हातातल्या ओल्या धुण्यासकट जाऊन त्याला "हाड, हाड" करत बाहेर काढला, आणि वर बघून म्हणाल्या, "उतरा. एकच व्हता." त्या रात्री मला झोप लागली नाही. पुढे महिनाभरातच खालाच्या घरात विजेची तार जळून धूर झाला. सगळे बाहेर पळाले. आप्पांनी रस्त्यातच सगळ्यांना उभं करून मोजलं. खाला, तिचा नवरा, दोन पोरी, चौघं बरोबर होती. तरी आप्पा "वर एक, वर एक" असं पुटपुटत त्या धुरात घुसले आणि खोकत खोकत बाहेर आले ते दावं सोडलेली शेळी ओढत. खाला शेळीच्या गळ्यात पडून रडली. आता वळूला भिणारा हा माणूस शेळीसाठी आगीत जातो, तर त्याला भित्रा म्हणायचं की काय म्हणायचं? मी तेव्हाही गोंधळले होते.

मग एक परीक्षा ठरली. आप्पांनी जाहीर केलं, की एके दिवशी ते मोंढ्यातले आपले चार हमाल घेऊन येणार. चोर म्हणून घुसतील. कधी ते सांगणार नाहीत. शिकवलंय तसं करायचं.

सांगणार नाही म्हणाले, तरी आम्हाला कळलंच. अमावस्येला मोंढा बंद असतो. हमालांना सुटी तेव्हाच. आणि येती अमावस्या शनिवारी होती. गल्लीतली शेंबडी पोरंसुद्धा हा हिशेब करू शकली असती. शनिवारी दीडलाच आम्ही पाचजणी हजर झालो. खालाने तर नवी परात आणली होती. काकूंनी हमालांसाठी चहाचं आधण ठेवलं. आप्पा सकाळपासून बेपत्ता होते, म्हणजे शंकाच नको.

घर लांबट होतं. पुढे अंगण आणि फाटक, मग रिकामी पोती ठेवायची बारदान्याची खोली, मग स्वयंपाकघर, आणि शेवटी मागचं अंगण. बारदान्याच्या खोलीला दोन दारं, आणि आप्पांनी सुतार बोलावून दोन्ही कड्या बाहेरून बसवून घेतल्या होत्या. चोरांना त्या खोलीत घ्यायचं, आपण स्वयंपाकघरात निसटायचं आणि कडी लावायची. पुढच्या अंगणातल्या जिन्याखाली लपलेल्या बाईने मागून येऊन पुढची कडी लावायची. जिन्याखाली खाला होती. मी नेहमीसारखी मागच्या दारात, कारण वर धरलेला एक मागून येणार, आणि त्याच्यासाठी आप्पांनी सगळ्यात तरुण म्हणून मला नेमलं होतं. हातात बत्ता.

दोनला पाच मिनिटं कमी असताना फाटक वाजलं. मी मागच्या दारातून मधली दोन्ही दारं ओलांडून बघत होते. चार माणसं. लाभ, दोन, तीन, चार.

"कुनी हाय का घरात?"

"या की," काकूंनी सवयीने आतून म्हटलं.

मग जे झालं ते इतकं झकास झालं की आप्पांनी बघायला हवं होतं. तिघी बारदान्याच्या खोलीतून किंचाळत मागे सरल्या. "ओ ताई, ऐका की, ओ ताई," असं म्हणत पहिला माणूस आत आला, त्याच्यामागे दुसरा, तिसरा, चौथा, एकामागे एक, अगदी थप्पी. परात फरशीवर आपटली. इकडची कडी लागली, तिकडून खालाने पुढची लावली. आत पोती कोसळल्याचा आवाज झाला आणि कोणीतरी शिंकायला लागलं. बायका हसून हसून लोळायच्या बाकी होत्या. "शाब्बास, भाऊ! जरा बसा, च्या यायलाय!" असं त्या दाराला तोंड लावून ओरडत होत्या.

मीही हसतच वळले.

मागच्या अंगणात रांजणाजवळ एक माणूस उभा होता.

चार हमाल तर आत होते. आप्पांनी चारच सांगितले होते. मग हा कोण, असा प्रश्न माझ्या डोक्यात आला आणि तिथेच अडकून बसला. माणूस चाळिशीचा असेल. पांढरा सदरा, पायात काही नाही. भिंतीवरून आला असणार. आमच्यात पाच पावलांचं अंतर होतं. मी आप्पांनी शिकवलेलं एकेक आठवत होते, आणि आठवत सगळं होतं. दार मध्ये घ्यायचं, ओरडायचं, परात आपटायची. बत्त्याचं वजन हाताला लागत होतं. हात थरथरला नाही हे खरं. तो उचललाच गेला नाही.

"वरडू नका, ताई," तो हळू म्हणाला. मग जरा थांबून, "पानी हाय का?"

मी बत्ता उंबऱ्यावर ठेवला. रांजणातून तांब्या भरला आणि त्याला दिला. त्याने तोंड न लावता, वरून धार धरून सगळं पाणी प्यायलं, तांब्या धुण्याच्या दगडावर पालथा घातला, भिंतीवर चढला आणि गेला. मी तशीच उभी. मागे अजून हसणं चालू होतं. एवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती, आणि तीही तो गेल्यावर वाटली.

दहा मिनिटांनी आप्पा फाटकातून आले. सोबत खांद्यावर हूक टाकलेले चार हमाल.

"तयार का समद्या?" असं ते चोराच्या आवाजात म्हणाले, आणि आमचे चेहरे बघून थांबले.

मग बारदान्याच्या खोलीचं दार उघडलं. आतले चौघं धुळीने माखून बाहेर आले. आप्पांनी त्यांना मोजलं. विचारलं, कोण तुम्ही? एकजण म्हणाला, शेगड्या दुरुस्त करतो. दुसरा म्हणाला, प्लॉट बघायला आलो होतो. तिसऱ्याने पत्ता चुकला म्हणून सांगितलं. चौथा शिंकत होता. खाला म्हणाली, पोलिसांना बोलवा. आप्पा म्हणाले, बोलावून सांगायचं काय? ते 'कुणी आहे का' म्हणून विचारत आले, आपण 'या' म्हटलं, आणि कोंडून घातलं. कोणाची तक्रार कोणी द्यायची? हमालांना यातलं काही कळेना. त्यांना तर कोणाला तरी घाबरवायचं होतं. तेवढ्यात काकूंनी चहा आणला, कारण घरात आलेला माणूस चहाशिवाय जाऊ नये, मग तो कसाही आलेला असो. चौघांनी खाली मान घालून चहा घेतला आणि निघून गेले. ते चोर होते की नव्हते, हे आम्हाला कधीच कळलं नाही. पुढच्या आठवड्यात पलीकडच्या वस्तीत दुपारचं एक घर फुटलं, पण तिथे दोघंच होते म्हणे.

गल्लीतल्या कोणीतरी फोनच्या ग्रुपवर सगळं टाकलं आणि ते तासाभरात चारठाण्याला पोचलं. बाबांचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. काकू कप विसळत होत्या, आप्पा पाटावर बसले होते. मी तिथेच उभी राहून बोलले.

"किती व्हते?" बाबांनी विचारलं.

"चार."

"मागून कुनी?" आप्पांचा तो नियम बाबांना मीच सांगितला होता.

डोळ्यांपुढे मला माझी किल्ली दिसली, काकूंना परत केलेली, खिळ्याला लावलेली. बोचकं दिसलं. "नाही बाबा," मी म्हणाले. "चारच होते. चौघांनाही कोंडलं आम्ही."

  "मला आता घोर न्हाई," बाबा म्हणाले. "राहा तिथंच. आन् आप्पाला माझा नमस्कार सांग."

मी नमस्कार सांगितला. आप्पांनी मान हलवली. ते माझ्याकडे नव्हे, माझ्या हातांकडे बघत होते.

काकू भांडी घासायला मागे गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "हा तांब्या कुनी पालथा घातला दगडावर? आपल्यात कुनी घालत न्हाई."

मी तोंड उघडायच्या आत आप्पा म्हणाले, "मी पेलो पानी."

"तुमी तर फाटकातनं आलाव," काकू म्हणाल्या.  तांब्या घासल्याचा आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ येत राहिला.

मग आप्पा माझ्याजवळ पाट सरकवून बसले. गळ्यातलं लिंग बंडीच्या आतच होतं, सकाळपासून तसंच. ते अगदी हळू आवाजात बोलायला लागले. मोंढ्याला पुरणारा तो आवाज इतका लहान होऊ शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

"मी दाराआड नव्हतो," ते म्हणाले. "कणगीमागं व्हतो. चार मोजले आन् मागनं पाचव्यानं खांद्यावर हात ठिवला. 'बसा' म्हनला. मी बसलो. हूक माझ्या हातातच व्हता. त्यो बी बसला माझ्यापाशी, हात खांद्यावरच. तुझ्या काकूनं पाचवी भाकर तिथं आनून दिली त्याला. माझ्याकडं बगितलं न्हाई तिनं. भाकर खाऊन गेला त्यो."

कणगी म्हणजे धान्य साठवायची मोठी कोठी. तिच्यामागे दोन माणसं कशी मावली असतील याचा मी उगीच विचार करत राहिले. तीस वर्षं काकू पाच पाच म्हणून भांडल्या, पण तो पाचवा कुठे बसला होता हे त्यांच्या तोंडून एकदाही निघालं नव्हतं. मला रडू आलं. स्वतःसाठी की त्या दोघांसाठी, ते सांगता येणार नाही.

"रडू नको," आप्पा म्हणाले. "माझा भाकर खाऊन गेला. तुझा निसता पान्यावर गेला. माझ्यापेक्षा बरी शिकलीस."

मग ते गुडघ्यांवर हात टेकून उठले, मागच्या दाराकडे तोंड केलं आणि त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाले, "ऐकलं का? पाचच व्हते."

तांब्याचा आवाज थांबला. काकू ओले हात पदराला पुसत दारात आल्या. एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"कायच्या काय बोलायलाव," त्या म्हणाल्या. "चार व्हते. मीच भाकर एक जास्तीची थापली व्हती."

त्यानंतर मी तिथे होते तोवर आप्पा पाच म्हणत राहिले आणि काकू चार. पूर्वीइतक्याच हट्टाने. मी मध्ये पडले नाही. कोणाची बाजू घ्यावी हे मला आजही समजत नाही. बाबांनी कधी विषय काढला, की मी चार सांगते.